तरीवरची माणसं भिंतीवर लावताना

२४ मार्च २०२५ ला प्रदर्शनाच्या दालनाकडे ठेवलेली अनामत रक्कम एकदाची खात्यात जमा झाली आणि त्याच आठवड्यात शनिवारी शेवटची फ्रेम जिथे पोचवायची होती तिथे पोचवून आले. पहिल्या एकल छायाचित्र प्रदर्शनाचं काम अशा रीतीने संपलं. अर्ज केल्यापासून मोजलं तर सव्वादोन वर्षांहून जास्त काळ लागला. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत याबद्दल फारसं लिहिलेलं सापडलं नव्हतं. जे होतं त्यात उद्घाटनाचे फोटो होते. भाडं किती, प्रिंट कुठे चुकतात, परवानगी कशी मागायची, हे काहीच नव्हतं. म्हणून तारखा आणि आकड्यांसकट लिहिते आहे.

मी प्रवासाचे फोटो काढून पोट भरते. पंधरा वर्षं मासिकांसाठी, पर्यटन कंपन्यांसाठी फिरले. लडाख, स्पिती, मेघालय, एकदा थायलंड. पण स्वतःचं म्हणून जे काम मनात घोळत होतं ते अगदी घराजवळचं होतं: तरी, म्हणजे खाडी ओलांडून माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्या. मी बोरिवलीची. लहानपणी बाबा आम्हाला रविवारी खाडी ओलांडून गोराईला न्यायचे. समुद्रापेक्षा मला त्या पाच-दहा मिनिटांचं जास्त अप्रूप होतं. सायकली, माशांच्या पाट्या, शाळेची पोरं, सगळे एकाच फळकुटावर उभे. कुणी कुठे जात नाही, सगळे नुसते पाण्यावर असतात.

२०१९ पासून सवड मिळेल तशी मी तरींवर जायला लागले. वर्सोवा–मढ, मार्वे–मनोरी, भाऊचा धक्का ते मोरा आणि रेवस, रेवस–करंजा, मग दक्षिणेला आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं बोलणं बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून चालू आहे. आता खाड्यांवरच्या पुलांची कामं खरोखर हातात घेतली गेली आहेत. पूल व्हायलाच हवेत. रात्री-बेरात्री बाळंतीण घेऊन तरीची वाट बघत बसलेल्या माणसाला पूल नको असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण पूल झाला की धक्क्यावरची ती अर्ध्या तासाची वस्ती मोडणार, आणि ती कुणीतरी नीट बघून ठेवायला हवी, एवढंच मला वाटत होतं.

पद्धत अशी ठरवली: एकच कॅमेरा, एकच ३५ मिलिमीटरची लेन्स, तिकीट काढून प्रवासी म्हणून चढायचं आणि निदान तीन फेऱ्या झाल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही. ड्रोन वापरला नाही. वरून तरीची होडी खेळण्यासारखी दिसते, पण तिची वाट बघणाऱ्याला ती कधीच तशी दिसत नाही. कृष्णधवल करण्याचा मोह बराच काळ होता. मग छायाचित्रकार रघुबीर सिंग यांचं काम पुन्हा बघितलं. भारतात रंग बाजूला ठेवून बघता येत नाही, हे त्यांनी आयुष्यभर रंगीत फिल्मवर काम करून दाखवलं. होड्यांचे ते निळे-भगवे पट्टे, नऊवारीचा जांभळा, प्लास्टिकच्या क्रेटचा पिवळा. रंग काढून टाकले असते तर कोकण उरलंच नसतं.

१४ नोव्हेंबर २०२२ ला दक्षिण मुंबईतल्या एका दालनात अर्ज दिला. अर्जासोबत दहा छायाचित्रं, कामाची माहिती, एक पानी मनोगत आणि आधीच्या सामूहिक प्रदर्शनांचे पुरावे. मुंबईत मोठ्या दालनांना तारीख मिळायला वर्षं लागतात हे धरूनच चाला. अर्ज करायच्या दिवशी काम पूर्ण असण्याची गरज नाही, कारण तारीख येईपर्यंत ते पूर्ण होतं. मनोगत मात्र मन लावून लिहा. माझा पहिला खर्डा 'लोप पावणाऱ्या संस्कृती'बद्दल होता. एका चित्रकार मैत्रिणीने तो वाचून विचारलं, "यात तरीवरचं एक तरी माणूस कुठंय?" तो फाडला. दुसऱ्यात बोरिवलीची तर आणि बाबा आले.

२ मार्च २०२३ ला पत्र आलं की तीन प्रिंट प्रत्यक्ष दाखवा. मे महिन्यात निवड झाल्याचं कळलं. तारीख मिळाली ११ ते १७ फेब्रुवारी २०२५. पुढच्या नव्हे, त्याच्याही पुढच्या वर्षीची. त्या दिवशी आनंदापेक्षा थकवा जास्त आला होता, हे खरं सांगते. निम्मं भाडं आणि १५,००० रुपये अनामत लगेच भरायची होती. भरली. पावतीवर अनामत वेगळी लिहून घ्या. माझ्या पावतीवर एकच रक्कम होती, आणि ती दुरुस्त करून घ्यायला दोन खेपा पडल्या.

मधल्या काळात परवानग्यांचं काम केलं. प्रवासी म्हणून मोबाइलवर किंवा छोट्या कॅमेऱ्यावर फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. तिपाई लावली की तेच 'शूटिंग' होतं. मला पहाटेच्या अंधारातले चार-पाच फोटो तिपाईवरून हवे होते. धक्क्यांवर वेगवेगळ्या यंत्रणांचा अधिकार चालतो: भाऊचा धक्का बंदर प्राधिकरणाच्या हद्दीत, कोकणातल्या बहुतेक जेट्टी सागरी मंडळाकडे. आधी कोणता धक्का कुणाकडे ते विचारून घ्या, नाहीतर अर्ज फिरत राहतो. माझा एक अर्ज नऊ आठवडे फिरला. दर वेळी 'फाईल वर गेली आहे' असं उत्तर. शेवटी कामी आली ती पोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला होता, तो सांगितल्यावर कारकून बाईंनी रजिस्टर उघडलं आणि दहा मिनिटांत अर्ज दुसऱ्या टेबलावर सापडला. अर्जात उपकरणांची यादी, तारखा, वेळ आणि 'व्यावसायिक जाहिरातीसाठी नाही' हे वाक्य स्पष्ट लिहा. नौदलाच्या हद्दीकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण हक्कांची. माझ्या निवडीतले दोन फोटो मी एका मासिकाच्या कामावर असताना काढलेले होते. मी काढले म्हणजे माझेच, असं मी इतकी वर्षं समजत होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ तेव्हा पहिल्यांदा वाचलं: कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. माझ्याकडे करार नव्हता, फक्त ई-मेल होते. ना हरकत पत्र मागितलं. सात आठवड्यांनी एका फोटोला मिळालं, दुसऱ्याला नाही. तो फोटो काढून टाकला. आता कोणतंही काम घेताना हक्क कुणाकडे राहतील ते एका ओळीत का होईना, लिहून घेते.

पाच वर्षांत अकरा हजारांवर फोटो जमले होते. स्क्रीनवर निवड होईना, म्हणून दोनशे फोटो साध्या ४ बाय ६ च्या प्रिंट करून आणले आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर चिकटवले. येता-जाता दिसायचे. ज्यांच्यापुढे थांबावंसं वाटेना ते उतरवत गेले. सहा महिन्यांत साठ उरले. सुंदर फोटो आधी उतरले, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. दाभोळच्या खाडीवरचा एक सूर्यास्त होता, मासिकाने तो मुखपृष्ठावर घेतला असता. भिंतीवर तो आठ दिवसांत मुका झाला. टिकले ते फोटो ज्यांत कुणीतरी काहीतरी करत होतं: दोराचा वेटोळा गळ्यात घालून पोळी खाणारा खलाशी, मोटरसायकलवर बसल्या बसल्या झोपलेला पोस्टमन.

त्या छोट्या प्रिंट ज्यांच्या त्यांना नेऊन द्यायच्या, असं २०२४ च्या जानेवारीत ठरवलं. कुणाची सही घ्यायची म्हणून नव्हे. आपला चेहरा मुंबईत भिंतीवर लागणार आहे हे त्या माणसाला माहीत असावं, म्हणून. त्याच महिन्यात, १२ जानेवारीला, अटल सेतू आणि उरणची लोकल दोन्ही सुरू झाल्या. उरणजवळच्या मोऱ्याच्या लाँचवर सगळ्यांच्या तोंडी तेवढंच होतं. एक काका म्हणाले, "आता तुझे फोटो जपून ठेव बाय, पुढच्या खेपेला आम्ही लोकलला भेटू."

प्रदर्शनाचा मुख्य फोटो, आमंत्रणावर छापायचा ठरलेला, वेसवीच्या धक्क्यावरचा होता. ऑक्टोबर २०२१. सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीवर, एक मावशी टोपली पायाशी ठेवून पाण्याकडे बघत उभ्या. मागे रिकामा उतार, समोर लांबवर येणारी तर. एकटेपणाचा तो फोटो ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांना आवडला होता. तीन खेपांनंतर मावशींचं घर सापडलं. त्यांनी प्रिंट हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली, मग ओटीवर उजेडात जाऊन पाहिली.

"फोटो बरा आलाय," त्या म्हणाल्या. "पण यात मी एकटीच दिसते. एकटी कुठं होते मी? जाऊ होती ना बाजूला. ही टोपली तिची आहे."

मी घरी येऊन मूळ फाइल्स काढल्या. जाऊबाई होत्या. आधीच्या चार फोटोंमध्ये त्या डावीकडे आहेत, पदर खोचताहेत, काहीतरी बोलताहेत. पाचव्या फोटोसाठी मी दोन पावलं उजवीकडे सरकले आणि त्यांना चौकटीबाहेर ठेवलं. ती दोन पावलं मी जाणीवपूर्वक टाकली होती. मला एकटी बाई हवी होती, आणि तिथे एकटी बाई नव्हती.

दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. पंधरा वर्षांत मी अशी किती वेळा सरकले असेन, कुणाकुणाला बाहेर ठेवलं असेल? तो फोटो मी काढून टाकला आणि आधीचा, दोघींचा, घेतला. त्यात फोकस किंचित टोपलीवर आहे, उजवा कोपरा रिकामा पडतो, एका कडेला कुणाची तरी कोपर आली आहे. छायाचित्र म्हणून तो कमी आहे. तोच आमंत्रणावर छापला. उरलेल्या साठांच्या मूळ फाइल्स पुन्हा तपासल्या, आजूबाजूचे फोटो बघितले आणि आणखी पाच बदलले. शेवटी निवड २८ वर थांबली.

आता प्रिंट. इथे पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. इंचाला ३०० पिक्सेल या दराने प्रिंट २० इंच रुंद होते. ३० इंचांना दर २०० वर येतो. चार फुटांवरून बघायला तेवढं पुरतं, त्यासाठी नवा कॅमेरा घेऊ नका. १८ फोटो १६ बाय २४ आणि १० फोटो २० बाय ३० असे ठरवले. कागद हानेम्युले या जर्मन कंपनीचा, पूर्ण सुती, ३०८ ग्रॅमचा, मॅट. पहिल्या पाच प्रिंट काळपट आल्या, पावसाळी आभाळातले करडे थर सगळे एक झाले. चूक माझी होती: स्क्रीन फार उजळ ठेवून काम केलं होतं. स्क्रीन कॅलिब्रेट केली, म्हणजे तिचे रंग प्रमाणाला जुळवले, उजेड १२० निट्सवर (स्क्रीनच्या उजेडाचं एकक) आणला, प्रिंटरवाल्याकडून त्या कागदाचं रंगांचं प्रोफाइल घेतलं, आणि पुढच्या वेळी आधी चार इंचांच्या पट्ट्या छापून पाहिल्या. त्या पट्ट्या दालनात नेऊन तिथल्या दिव्यांखाली धरल्या. दालनातले दिवे पिवळसर असतात. घरच्या ट्यूबलाइटखाली बरोबर वाटलेला समुद्र तिथे हिरवा दिसत होता.

फ्रेमिंगला पहिल्यांदा ज्या दुकानात गेले तिथे साध्या पुठ्ठ्याचा माउंट आणि मागे प्लाय लावून दिला. जुलै महिना. तीन आठवड्यांत दोन नमुना प्रिंटना लहरी आल्या आणि एकीच्या कोपऱ्यावर बुरशीचे ठिपके. मुंबईच्या हवेत हे होणारच. आम्लविरहित माउंट, मागे फोम बोर्ड, प्रिंट चारही बाजूंनी चिकटवायची नाही, फक्त वरच्या कडेला टांगती, म्हणजे कागदाला फुगायला जागा राहते. आणि हे काम शक्यतो दिवाळीनंतर करा.

सगळा हिशेब असा: भाडं जीएसटीसह ६३,०००, प्रिंट ७८,४००, फ्रेम ६१,६००, आमंत्रणं आणि पुस्तिका १९,०००, टेम्पो आणि हमाली ५,५००. एकूण २,२७,५०० रुपये. वाया गेलेल्या प्रिंट आणि प्रवास यात धरलेला नाही. दोन वर्षं दरमहा बाजूला टाकत गेले म्हणून जमलं. सहा प्रिंट विकल्या गेल्या, ८८,००० रुपये आले. ज्यांना खर्च भरून निघेल असं वाटतंय त्यांनी हे आकडे शेजारी ठेवून विचार करावा.

१० फेब्रुवारीला संध्याकाळी सातला आधीचं प्रदर्शन उतरलं आणि साडेआठला आम्ही चौघं भिंतींना लागलो. भिंत एकूण ११० फूट. मी पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल करून क्रम आधीच ठरवला होता, तरी अर्धा क्रम बदलला. एका कोपऱ्यात एसीचं पाणी ठिबकत होतं. रात्री अकराला तिथला माणूस बादली ठेवून गेला. तेवढी तीन फूट भिंत सोडून फ्रेम एकमेकींजवळ सरकवल्या. प्रत्येक फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. सोबत लेव्हल, मोजपट्टी, जादा हुक, कापडी हातमोजे आणि पेन्सिल ठेवा. पेन्सिल विसरू नका, मला ती शेवटपर्यंत उपयोगी पडली.

मथळे मराठीत आधी, इंग्रजीत खाली. जागा, महिना, आणि पाणी: भरती, ओहोटी किंवा उधाण. तरीची वेळ घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवतं. रेवसला ओहोटीला गाळ उघडा पडला की लाँच थांबते. म्हणून कॅमेऱ्यातली वेळ आणि भरती-ओहोटीचं कोष्टक ताडून मी प्रत्येक मथळा लिहिला होता.

शुक्रवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावरचे एक तांडेल (होडीचे प्रमुख) काका घरच्यांना घेऊन आले. दारावर त्यांना विचारलं गेलं, "काय काम आहे?" ते काही न बोलता बाहेर पायरीवर बसून राहिले होते. मला वीस मिनिटांनी कळलं. त्यांचा फोटो आत भिंतीवर होता. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी दाराजवळच उभी राहिले. तुम्ही ज्यांचे फोटो लावताय ते येणार असतील तर दारावरच्या माणसाला त्यांची नावं आधी सांगून ठेवा, आणि तेवढ्यावर विसंबूही नका.

आत आल्यावर काका प्रत्येक फोटोपुढे थांबत गेले. करंजाच्या फोटोपाशी त्यांनी मथळा वाचला आणि मान हलवली. "ही भरती नाय ताई. ओहोटी आहे."

मी म्हटलं, "काका, वेळ बघून लिहिलंय."

"वेळेचं नको सांगू. नांगरलेल्या होड्या बघ. तोंडं खाडीकडे आहेत सगळ्यांची. पाणी बाहेर चाललंय."

मी जवळ जाऊन पाहिलं. मागच्या बाजूला, बोटाच्या पेरापेक्षा लहान, पाच होड्या. पाचही एकाच दिशेला तोंड करून. पाच वर्षं तो फोटो माझ्याकडे होता आणि मी त्या होड्या पाहिल्या नव्हत्या. रात्री तारखा शोधल्या. तो फोटो थायलंडहून परतल्यावर चार दिवसांनी काढलेला, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्याच वेळेवर राहिलं होतं, दीड तास पुढे. कोष्टकात दीड तास मागे गेले तर ओहोटी. शनिवारी सकाळी दार उघडायच्या आधी पेन्सिलने 'भरती' खोडून वर 'ओहोटी' लिहिलं. नवा मथळा छापला नाही. कुणी विचारलं की ही दुरुस्ती कुणी केली ते सांगत होते.

१७ तारखेला संध्याकाळी उतरवणी झाली. अनामत आठ दिवसांत मिळेल असं सांगितलं होतं, ३५ दिवस लागले, चार फोन आणि एक लेखी पत्र.

२९ मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, दोघींच्या फोटोची फ्रेम चादरीत गुंडाळून बागमांडल्याला गेले आणि तरीने पलीकडे उतरले. मावशी आणि जाऊबाई दोघी घरीच होत्या. फ्रेम ओटीवर भिंतीला टेकवून ठेवली. जाऊबाईंनी पदराने काच पुसली, वाकून स्वतःकडे बघितलं आणि मग बराच वेळ टोपलीकडे.

"ही माझी नाय," त्या म्हणाल्या. "माझीचा काठ तुटलेला होता. ही तुझी."

"तुझीच," मावशी म्हणाल्या. "माझी मी त्या दिवशी नेलीच नव्हती."

मी परतीची तर पकडायला निघाले तेव्हाही ते चालूच होतं.